दप्तर, देह आणि विनय

साताऱ्याच्या राजवाड्यात भरणाऱ्या ज्या शाळेस पुढे प्रतापसिंह हायस्कूल हे नाव मिळाले, तिच्या नोंदवहीत 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. नोंदीचा अनुक्रमांक 1914. ही नोंद आपल्यापैकी अनेकांनी आदराने पाहिलेली आहे, आणि 7 नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. या नोंदीतील एका गोष्टीकडे आम्ही येथे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. मूळ गावावरून आंबडवेकर. आणि एका शिक्षकाच्या मायेतून शाळेच्या दप्तरात आंबेडकर, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे ज्या नावाने आज कोट्यवधी माणसे स्वतःची ओळख सांगतात, ते नाव जन्माबरोबर आलेले नाही. ते दप्तरात बदलून आलेले आहे. नाव बदलले म्हणून विद्यार्थी निराळा झाला नाही, आणि त्याने आधी गिरवलेली अक्षरे वाया गेली नाहीत.

शेजारच्या सांगली जिल्ह्याचा इतिहासही असाच आहे. संस्थाने विलीन झाल्यावर 1949 साली जो जिल्हा बनला त्याचे नाव दक्षिण सातारा असे होते. 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले. नाव बदलले म्हणून तेथील एकाही शेतकऱ्याचा सातबारा रद्द झाला नाही, एकाही शिक्षकाची नोकरीची वर्षे पुसली गेली नाहीत, आणि एकाही कर्जदाराचे कर्ज माफ झाले नाही. दप्तरातील बदलाचा हा साधा न्याय आहे. बदल झाला तरी हक्क टिकतात आणि जबाबदाऱ्याही टिकतात.

जिल्ह्याला जो न्याय सहज मिळाला, तो माणसाला मिळतो काय? विशेषतः, जन्माच्या वेळी ज्याच्यापुढे ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ असा शब्द लिहिला गेला आणि ज्याला पुढे तो शब्द आपला वाटला नाही, अशा माणसाला? लिंगाच्या नोंदीत बदल करण्याच्या कायद्याचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा विषय परदेशातून आलेला आहे, आपल्या परंपरेत त्यास स्थान नाही, असे काही मंडळी समजतात. ही समजूत विनयपिटकासमोर टिकत नाही, हे आम्ही प्रथम दाखवू.

विनयातील एक निर्णय

विनयपिटकाच्या सुत्तविभंगात पहिल्या पाराजिकाच्या विवेचनास जोडून अनेक प्रत्यक्ष प्रसंग व त्यांवरील निर्णय दिलेले आहेत. या भागास विनीतवत्थु असे म्हणतात. त्यांत एका भिक्खूच्या ठिकाणी स्त्रीचे लिंग प्रकट झाल्याचा प्रसंग आहे. भिक्खूंनी ही गोष्ट तथागतांच्या कानी घातली. तथागतांनी दिलेल्या निर्णयाचे सार असे : त्याचा उपाध्याय तोच राहील, त्याची उपसंपदा तीच राहील, त्याची वर्षेही तीच राहतील, आणि त्याने भिक्खुणींमध्ये जाऊन राहावे. जे अपराध भिक्खू व भिक्खुणी या दोघांनाही समान आहेत, त्यांचे निरसन त्याने आता भिक्खुणींच्या समोर करावे. जे अपराध केवळ भिक्खूंनाच लागू होते, ते आता अपराध राहत नाहीत. लगेच पुढे भिक्खुणीच्या ठिकाणी पुरुषाचे लिंग प्रकट झाल्याचा प्रसंग येतो, आणि तेथेही हाच निर्णय उलट बाजूने दिलेला आहे.

हा निर्णय कायद्याच्या दृष्टीने वाचला पाहिजे. संघात ‘वर्षे’ म्हणजे उपसंपदेनंतर पूर्ण केलेले वर्षावास. कोणी आधी बसावे, कोणास वंदन करावे, कोणी कोणास शिकवावे, हे सारे या वर्षांवर ठरते. आजच्या भाषेत बोलायचे तर ती सेवाज्येष्ठता होय. ज्याच्या देहात बदल झाला त्यास संघातून काढून टाकले नाही, पुन्हा पहिल्या पायरीवर उभे केले नाही, नवी उपसंपदा घेण्यास सांगितले नाही. त्याची कमाई त्याच्याजवळ राहिली. त्याच वेळी त्याची जबाबदारीही राहिली. सामायिक अपराध धुऊन निघाले नाहीत, केवळ त्यांचे निरसन करण्याचे ठिकाण बदलले. या निर्णयात शिक्षा नाही, प्रायश्चित्त नाही, आणि या बदलाबद्दल निंदेचा एकही शब्द नाही.

आणखी एका गोष्टीचा विचार करू. महावग्गात उपसंपदेच्या वेळी विचारावयाचे प्रश्न दिलेले आहेत. तू मनुष्य आहेस काय, पुरुष आहेस काय, दास नाहीस ना, ऋणमुक्त आहेस काय, आईवडिलांची अनुमती आहे काय, असे प्रश्न संघ उमेदवारास विचारतो, आणि उमेदवार स्वतः त्यांची उत्तरे देतो. त्याच्या शब्दावर संघ विसंबतो. आजच्या कायद्यात ज्यास स्वयंघोषणा म्हणतात, तिचे हे एक जुने रूप आहे.

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. धम्माच्या अभ्यासकाने सोयीचे तेवढेच वेचू नये. त्याच महावग्गात पंडक आणि उभतोब्यंजनक यांना उपसंपदा देऊ नये असा नियम आहे, आणि त्याआधी एका पंडकाच्या वर्तनाची कथा आहे. अट्ठकथाकारांनी पुरुषलिंग श्रेष्ठ व स्त्रीलिंग कनिष्ठ मानले, आणि लिंगबदलास कुशल-अकुशल कर्माचे फळ ठरविले. धम्मपदाच्या अट्ठकथेतील सोरेय्याची कथा याच वळणाची आहे. सोरेय्य नगरातील श्रेष्ठिपुत्राच्या मनात महाकच्चायन थेरांविषयी अनुचित विचार आला आणि तो तत्काळ स्त्री झाला. तक्षशिलेस जाऊन त्याने संसार केला, पुढे थेरांची क्षमा मागितल्यावर तो पुन्हा पुरुष झाला, प्रव्रजित झाला आणि अर्हत्पदास पोहोचला. पुरुष असताना त्यास दोन मुलगे झाले होते आणि स्त्री असताना दोन. कोणावर अधिक माया आहे, असे लोक विचारीत, तेव्हा ज्यांना आपण आई म्हणून जन्म दिला त्यांच्यावर, असे तो सांगे. अर्हत् झाल्यावर मात्र त्याची कोठेच आसक्ती उरली नाही. कथेची चौकट त्या काळाची आहे. तथापि दोन्ही लिंगांतून गेलेला हा मनुष्य अर्हत् होतो, हे सांगताना कथाकाराला कोठेही अडखळावे लागले नाही.

संघाचे नियम समकालीन समाजाच्या टीकेचा विचार करून घडत गेले, हे विनयाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. पंडकाविषयीचा नियम संघप्रवेशापुरता आहे. उपासक-उपासिकेस त्रिशरण व पंचशील घेण्यास तो आड येत नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, ज्या ठिकाणी आधीच संघात असलेल्या माणसाच्या नोंदीचा प्रश्न उभा राहिला, तेथे तथागतांचा कल त्याला राखण्याकडे होता.

हक्काकडून संशयाकडे

आता आपल्या प्रदेशाच्या इतिहासाकडे वळू. मराठा राज्याच्या काळात दख्खनेतील हिजड्यांच्या समूहास ठरावीक गावांतून भिक्षा मागण्याचा हक्क होता. काहींस अल्पशी रोख नेमणूक वा जमीनही होती, आणि राज्यसत्ता हे हक्क मान्य करीत असे. लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाने 1987 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मुंबई सरकारच्या कागदपत्रांवरून हा इतिहास मांडला आहे. तो हक्क समतेचा नव्हता. गावगाड्यातील इतर हक्कांप्रमाणेच तो माणसाला त्याच्या जागी बांधून ठेवणारा होता, आणि त्याचे गोडवे गाण्याचे आपणांस कारण नाही. पण त्या दप्तरात या माणसांचे अस्तित्व तरी लिहिलेले होते.

1848 साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. वारस दत्तक होता, आणि कंपनी सरकारने ते दत्तविधान मान्य केले नाही. एक नोंद नाकारून एक राज्य बुडवता येते, हे साताऱ्याने पाहिले आहे. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात इनामांची तपासणी सुरू झाली आणि हिजड्यांचे परंपरागत हक्क गुरूकडून चेल्याकडे जाऊ द्यावेत की नाही, याची चर्चा अधिकाऱ्यांत झाली. भिक्षेचा असा वंशपरंपरागत हक्क त्यांना अनैतिक वाटला आणि तो मोडीत काढण्याकडे सरकारचा कल झाला.

पुढे 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पारधी, कैकाडी आदी जमातींवर या कायद्याने आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी काय आपत्ती आणली, हे आपण जाणतो. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता, हे फारसे ध्यानात राहिलेले नाही. आरंभी तो वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब येथे लागू झाला. संशयितांची नावे, राहण्याची ठिकाणे आणि मालमत्ता यांची नोंदवही ठेवावी. नोंद झालेला मनुष्य स्त्रीवेषात वा दागिने घालून सार्वजनिक ठिकाणी दिसला किंवा नाचला-गायला तर त्यास दोन वर्षांपर्यंत कैद व्हावी. त्याने सोळा वर्षांखालील मुलगा आपल्या ताब्यात ठेवू नये. त्यास दत्तक घेता येऊ नये, मृत्युपत्र करता येऊ नये, बक्षीसपत्र देता येऊ नये, अशा त्यातील तरतुदी होत्या. ‘हिजडा कोण’ हे ठरविण्याचे मार्ग दोन : त्याने स्वतः कबूल करावे, अथवा वैद्यकीय तपासणीत दिसून यावे.

निजामाच्या हैदराबाद राज्यातही 1919 साली, म्हणजे फसली 1329 मध्ये, याच धर्तीचा कायदा झाला. त्या वेळी आपला मराठवाडा त्या राज्यात होता. हा कायदा तेलंगणच्या कायदेग्रंथात राहून गेला, आणि तेलंगण उच्च न्यायालयाने जुलै 2023 मध्ये तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. शतकभर एक नोंदवही कायद्याने जिवंत होती, आणि तिच्यात नाव लागणे हाच अपराध होता.

विनयातील निर्णय आणि ही नोंदवही शेजारी शेजारी ठेवून पाहावे. विनयात नोंद माणसाची कमाई राखण्यासाठी आहे. 1871 च्या कायद्यात ती माणसावर पाळत ठेवण्यासाठी आहे. नोंद एकच, पण ती कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी आहे, यावर तिचा न्याय ठरतो.

जोगता आणि आपली चळवळ

सातारा, सांगली आणि कोल्हापूर या भागांतून सौंदत्तीच्या यल्लमाकडे दरवर्षी यात्रेकरू जातात. सांगली जिल्ह्यातील जत येथेही यल्लमाची मोठी यात्रा भरते. या पंथात जोगतिणींप्रमाणेच जोगते असतात. जन्माने पुरुष म्हणून नोंदलेला, पण लुगडे नेसणारा, जग डोक्यावर घेऊन जोगवा मागणारा हा मनुष्य गावोगाव परिचित आहे. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ व ‘चौंडकं’ या कादंबऱ्यांनी हे जग मराठी वाचकांपुढे आणले आणि त्यांच्या आधारे 2009 साली ‘जोगवा’ हा चित्रपट निघाला.

बाबासाहेबांनी 16 जून 1936 रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या, वाघ्ये व पोतराज यांच्यासमोर भाषण केले आणि ते लाजिरवाणे जिणे सोडून देण्याचे आवाहन केले. दैवताच्या नावाने मुलींना वाहण्याची चाल ही जातिव्यवस्थेची चाल होती आणि तिच्या बळींत आपल्याच लेकी अधिक होत्या. ती मोडणे हे चळवळीचे कर्तव्य होते, आणि आजही आहे.

परंतु येथे एक भेद आपण वेळेवर केला नाही, असे आम्हांस वाटते. जोगत्याला आपण केवळ अंधश्रद्धेचा बळी समजलो. केसात जट आली, देवीचे झाड लागले, म्हणून घरच्यांनी वाहिला, असे अनेक जोगते होते. पण ज्याला लहानपणापासून आपण स्त्री आहोत असे आतून वाटत होते आणि ज्याच्यापुढे लुगडे नेसून सन्मानाने वावरण्याचा दुसरा कोणताही मार्ग नव्हता, असाही जोगता होता. त्याला आपण ‘जग खाली ठेव, लुगडे सोड’ असे एकाच दमात सांगितले. पहिले सांगणे मुक्तीचे होते. दुसरे सांगताना तू कोण आहेस, हे आपण त्याला विचारलेच नाही. देवीपासून मोकळा झालेला मनुष्य मग आपल्या विहारात का आला नाही, याचे उत्तर कदाचित येथे आहे.

ज्या प्रश्नाकडे आपले लक्ष गेले नाही, त्यावर सांगलीत इतरांनी काम केले. 1992 पासून तेथे ‘संग्राम’ ही संस्था कार्य करीत आहे. तिच्या कामातून वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली, आणि पुरुष व तृतीयपंथी यांच्यासाठी ‘मुस्कान’ हा गट निघाला. एड्सच्या साथीच्या काळात सुरू झालेले हे काम पुढे पोलिसांचा त्रास, ओळखपत्र, शिधापत्रिका अशा हक्कांच्या प्रश्नांपर्यंत पोहोचले.

चौतीस वर्षांचा अनुभव

दप्तरातील एक शब्द बदलला की काय गमवावे लागते, हे आपल्या समाजाएवढे कोणास ठाऊक असेल? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा मनुष्य हिंदूच असला पाहिजे अशी अट होती. 1956 साली तीत शीखांचा समावेश झाला. ज्याने कागदावर ‘बौद्ध’ लिहिले त्याची केंद्राकडील सवलत गेली. अस्पृश्यतेचे चटके तेच, घर गावकुसाबाहेरचे तेच, पण कागदावरचा शब्द बदलला म्हणून पूर्वीचा हक्क संपला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. यशवंतराव मूळचे देवराष्ट्रे गावचे. हे गाव त्या वेळच्या सातारा आणि आताच्या सांगली जिल्ह्यातील. केंद्रात मात्र 1990 पर्यंत वाट पाहावी लागली. ती चौतीस वर्षे अनेकांनी मनात बुद्ध आणि कागदावर हिंदू असे काढली, आणि आपल्याच माणसांनी त्यांना दुटप्पी म्हटले.

विनयाच्या भाषेत सांगायचे तर शासनाने आपली उपसंपदा मानली, पण आपली वर्षे काढून घेतली. हा अन्याय सोसलेल्या समाजाने दुसऱ्या कोणाची वर्षे काढून घेतली जात असताना तटस्थ राहू नये, हे आमचे मुख्य सांगणे आहे.

न्यायालय आणि संसद

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निर्णय दिला. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि ए. के. सिक्री यांचे ते पीठ होते. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या त्या प्रकरणात आपले म्हणणे मांडणाऱ्यांपैकी एक होत्या. आपले लिंग कोणते हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा आहे, आणि तृतीयपंथीयांना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास समजून आरक्षण द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. समता, स्वातंत्र्य आणि सन्मान देणारे घटनेतील अनुच्छेद 14, 15, 16, 19 आणि 21 हे या निर्णयाचे आधार होते. म्हणजे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीच्या हातून जी कलमे सिद्ध झाली, त्यांनीच हे दार उघडले.

2019 साली संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आणि 10 जानेवारी 2020 पासून तो अमलात आला. मूळ स्वरूपात त्या कायद्याने दोन टप्पे केले होते. पहिल्यात अर्जदाराने शपथपत्रासह जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा आणि ‘तृतीयपंथी’ असे प्रमाणपत्र घ्यावे. यासाठी वैद्यकीय तपासणी करू नये व तीस दिवसांत प्रमाणपत्र द्यावे, असे 2020 च्या नियमांत म्हटले होते. दुसऱ्यात, ज्यास ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ अशी नोंद हवी असेल त्याने शस्त्रक्रिया झाल्याचा वैद्यकीय दाखला आणावा. 2014 च्या निर्णयाने जी अट काढली होती, ती दुसऱ्या टप्प्यात अशा रीतीने परत आली, अशी टीका तृतीयपंथीयांच्या संघटनांनी त्याच वेळी केली. आम्हांस ही टीका योग्य वाटते. जन्मावरून जात ठरविणारा समाज आणि देह तपासून लिंग ठरविणारा कायदा यांच्यात एक नाते आहे : दोघेही माणसाला त्याचे म्हणणे विचारीत नाहीत.

महाराष्ट्रातील काही प्रसंग

कायद्याचे मोल प्रत्यक्ष प्रसंगांत कळते. बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी 2017 साली लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती प्रथम नाकारली गेली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर शासनाने परवानगी दिली, 2018 साली मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आणि ललित साळवे म्हणून ते त्याच पोलीस दलात रुजू झाले. नोकरी तीच राहिली. विनयातील निर्णय शासनाने वाचला असेल असे नव्हे, पण न्याय तोच झाला.

2017 साली सातारा जिल्ह्याला लागून असलेल्या माळशिरस तालुक्यातील तरंगफळ या गावाने ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीस सरपंच म्हणून निवडून दिले. गावाने माणूस पाहून मत दिले. जळगाव जिल्ह्यात मात्र 2020 च्या अखेरीस अंजली गुरू संजना जान यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज, त्यांनी स्त्री म्हणून महिलांच्या जागेवर भरला म्हणून, फेटाळण्यात आला. जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारण्यास सांगितले, आणि त्या निवडूनही आल्या.

सातारा जिल्ह्याच्या आर्या पुजारी यांचे प्रकरण तर नोंदीच्याच प्रश्नावरचे आहे. 2022 साली पोलीस भरतीचा अर्ज भरताना त्यात ‘पुरुष’ व ‘स्त्री’ एवढेच दोन पर्याय होते. त्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे गेल्या. न्यायाधिकरणाने नोव्हेंबर 2022 मध्ये तिसरा पर्याय ठेवण्याचा आदेश दिला. शासनाने त्यास उच्च न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने शासनास खडसावले आणि तृतीयपंथीयांसाठी शारीरिक चाचणीचे नियम फेब्रुवारी 2023 अखेर करण्यास सांगितले. भरतीच्या एका अर्जात एक रकाना वाढविण्यासाठी एका उमेदवारास दोन न्यायपीठांपुढे उभे राहावे लागले. 2014 च्या निर्णयास तेव्हा आठ वर्षे होऊन गेली होती.

1900 साली साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दप्तरात लागले, पण त्याला वर्गाबाहेर बसावे लागले. 2022 साली त्याच जिल्ह्यातील एका उमेदवाराला दप्तरात बसण्यासाठी रकानाच नव्हता. दोन्ही गोष्टी एकच नव्हेत. परंतु दोन्हींत दप्तर माणसाकडे पाठ फिरवून उभे आहे.

जगाचा अनुभव थोडक्यात सांगायचा तर, स्वीडनने 1972 साली लिंगनोंद बदलण्याचा कायदा केला, पण त्यासाठी वंध्यीकरणाची अट घातली; ती 2013 साली संपली. अर्जेंटिनाने 2012 साली वैद्य व न्यायाधीश या दोघांचीही अट काढून टाकली आणि माणसाच्या शब्दावर नोंद बदलू लागली. बौद्धबहुल देश या बाबतीत आपोआप पुढे आहेत असे नाही. थायलंडच्या प्रतिनिधिगृहाने 2024 साली लिंगओळखीच्या नोंदीचे विधेयक फेटाळले. धम्म ग्रंथात आहे म्हणून तो कायद्यात उतरतो, असे होत नाही. तो उतरवावा लागतो.

एका आक्षेपाचे उत्तर

कोणीही उठेल आणि लाभासाठी नोंद बदलून घेईल, हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. नवबौद्धांच्या सवलतींच्या वेळी हाच आक्षेप आपल्याविरुद्ध घेतला गेला होता, हे आधी आठवावे. विनयातील निर्णयात याचे उत्तर आहे. सामायिक अपराध बदलाबरोबर नष्ट होत नाहीत. ज्याने कर्ज घेतले त्याचे कर्ज, ज्याने गुन्हा केला त्याचा गुन्हा, आईवडिलांच्या पोषणाची व मुलांच्या संगोपनाची जबाबदारी, ही नोंद बदलली तरी त्याच माणसाकडे राहतात. लबाडीस कायद्यात स्वतंत्र शिक्षा आहे. त्या भीतीने प्रामाणिक माणसाचे दार बंद करणे हा न्याय नव्हे. आणि ज्या समाजात तृतीयपंथीयाला घरभाड्याने खोली मिळत नाही, तेथे लाभासाठी तृतीयपंथी होणारे किती निघतील, याचाही विचार करावा.

2011 च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ अशी नोंद झालेल्यांची संख्या देशात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 होती. ज्यांनी भीतीने वा नाइलाजाने दुसरा शब्द लिहिला ते या आकड्यांत नाहीत.

विहाराची नोंदवही

शासनाने काय करावे हे सांगणे सोपे आहे. आपल्या हातात काय आहे? आपल्या विहारांतही नोंदवह्या आहेत. श्रामणेर शिबिराचे अर्ज आहेत, धम्मवर्गाचे हजेरीपट आहेत, उपासक-उपासिकांच्या याद्या आहेत. त्यांत एखाद्याने आपले नाव व आपली ओळख जशी सांगितली तशी लिहिण्यास कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही. ज्याने दहा वर्षे ‘उपासक’ म्हणून विहाराची सेवा केली आणि आज जी ‘उपासिका’ म्हणून समोर उभी आहे, तिची दहा वर्षे तिला मिळालीच पाहिजेत. तिला नवशिक्यांच्या रांगेत बसविणे विनयालाही मान्य होणारे नाही.

दुसरे असे की, कागद कसे करावेत हे आपल्या कार्यकर्त्यांस चांगले ठाऊक आहे. शपथपत्र, राजपत्रातील नावबदल व धर्मबदल, जातीचा दाखला, त्याची पडताळणी, शाळा सोडल्याचा दाखला, या साऱ्या वाटा आपण तुडविल्या आहेत. बहुतेक जिल्ह्यांत जातपडताळणी समिती आणि समाजकल्याण विभाग हे सामाजिक न्याय भवनाच्या एकाच इमारतीत बसतात, आणि अनेक ठिकाणी त्या इमारतीस बाबासाहेबांचे नाव आहे. तृतीयपंथी बांधव-भगिनींचे कामही बहुधा तेथेच असते. आपल्या मुलाचा दाखला आणण्यास आपण त्या पायऱ्या चढतो, तेव्हा खाली थांबलेल्या दुसऱ्या कोणास बरोबर घेऊन वर जाणे आपल्याला अशक्य नाही.

तथागतांपुढे तो प्रसंग आला तेव्हा भिक्खू गोंधळलेले होते. आपल्यातील एकाचे आता काय करावे, हे त्यांस कळेना. तथागतांनी त्यांना त्या माणसाचा उपाध्याय, त्याची उपसंपदा आणि त्याची वर्षे यांची आठवण करून दिली. तो आपलाच आहे, एवढाच त्याचा अर्थ होता. आपल्या नोंदवहीत तेवढे लिहिण्याची तयारी आपण ठेवावी, ही आमची विनंती आहे.